क्युबेकमधलं घराणं शोधताय? या चुका टाळा

कॅनडातल्या क्युबेक प्रांतातल्या कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या सतराव्या शतकापासून बऱ्यापैकी सलग मिळतात. तरीही फ्रेंच-कॅनेडियन वंशावळ लावणारे चौथ्या-पाचव्या पिढीला अडकतात, कारण ते आडनावाच्या मागे लागतात. माग काढायचा तो लग्नाचा. लग्नाच्या नोंदीत सहसा दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, म्हणजे एका नोंदीत एक पिढी वर.

आडनावावर तर मुळीच विसंबू नका. १६६५ मध्ये फ्रान्सहून कारिन्याँ-सालिएर पलटण आली. सैनिकांना टोपणनावं असत: ला फ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे बिनधास्त. त्यातले चारेकशे जण तिथेच स्थायिक झाले आणि टोपणनावं आडनावांना चिकटली. मूळ आडनाव, मग ‘दि’, मग दुसरं नाव, अशी नोंद, आपल्या ‘ऊर्फ’सारखीच. ही पद्धत सैनिकांपुरती नव्हती. ऑर्लेआँ बेटावरच्या आंत्वान पेपँ दि लाशांसचे वंशज काही पेपँ झाले, काही लाशांस. एकाच माणसाचा बाप्तिस्मा एका नावाने आणि दफन दुसऱ्या नावाने, असंही दिसतं. माणूस अचानक गायब झाला, तर तो मेला असं धरू नका. दुसऱ्या नावाने शोधा. शिवाय पाद्री ऐकू येईल तसं लिहायचे, तेव्हा स्पेलिंगवरून भांडण नको.

बाईला नवऱ्याच्या आडनावाखाली शोधणं ही दुसरी ठळक चूक. चर्चच्या वहीत ती जन्मभर माहेरच्याच नावाने राहते, दफनाच्या नोंदीतसुद्धा. आपल्याकडच्या सवयीमुळे हे पटकन लक्षात येत नाही. आणि लग्न सापडत नसेल तर नवरीच्या गावची वही उघडा. लग्नं बहुधा तिच्याच चर्चमध्ये लागत.

पहिल्या नावाचंही तेच. एकोणिसाव्या शतकात मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लावण्याची रीत पक्की झाली. जोसेफ, मग अनेकदा बाप्तिस्म्याला साक्षी असलेल्या धर्मपित्याचं नाव, मग हाक मारायचं नाव. म्हणजे भाऊ सगळेच जोसेफ! नजर शेवटच्या नावावर ठेवा. मूल दगावलं की तेच नाव पुढच्या मुलाला द्यायचे, त्यामुळे बाप्तिस्मा सापडल्या सापडल्या खुश होऊ नका; त्याच घरातली लहान मुलांची दफनं आधी तपासा.

१७५२ पूर्वीच्या तारखांत दहा-अकरा दिवस जोडण्याचा नियम इंग्रजांच्या वसाहतींचा; तिथे तोवर जुनं ज्युलियन पंचांग चालायचं. फ्रान्सने आजचं ग्रेगोरियन पंचांग १५८२ मध्येच घेतलं होतं. क्युबेकच्या तारखा आहेत तशाच ठेवा.

कुटुंब अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत कामाला गेलं असेल, तर आडनावाचं इंग्रजी भाषांतर होऊन रुआचा किंग आणि ब्वाव्हेरचा ग्रीनवुड झालेला असू शकतो. नाव बदललं म्हणून न्यूयॉर्क बंदरात बोटीने येणाऱ्यांची नोंद करणाऱ्या एलिस बेटावरच्या कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. हे लोक बहुतेक आगगाडीने आले.

चर्च जळालं म्हणून हात टेकू नका. नोंदवहीची दुसरी प्रत सरकारदरबारी जमा होत असे. तीही नसेल तर नोटरीचे कागद बघा. लग्नाआधी मालमत्तेचा करार करण्याची चाल होती, आणि त्यातही आईवडिलांची नावं मिळतात. मात्र कराराची तारीख लग्नाची म्हणून लिहू नका. काही करार मोडले आणि ती लग्नं झालीच नाहीत.