एकाच टर्मचा राष्ट्राध्यक्ष कसा अभ्यासायचा: मालदीवचे सोलिह घेऊन

आमच्या अभ्यासिकेत मालदीवचा विषय निघाला की पोरं एका ओळीत उरकतात, २०२३ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सोलिह भारताच्या बाजूचे म्हणून हरले आणि मुइझ्झू चीनच्या बाजूचे म्हणून जिंकले, संपला विषय. असं करू नका. पाच वर्षं एक माणूस देश चालवतो आणि आपण त्याला फक्त दिल्लीच्या खिडकीतून बघतो, हे मला मनापासून खटकतं, म्हणून मी कसं करायला सांगतो ते लिहितोय.

आधी खुर्ची बघा, माणूस नंतर. मालदीवमध्ये २००८ ला पहिल्यांदा अनेक पक्षांची अध्यक्षीय निवडणूक झाली, त्यानंतर नशीद, वहीद, यामीन, सोलिह असे चार जण बसले, कुणी मधेच गेलं कुणी हरलं, पण दुसरी टर्म एकालाही मिळाली नाही. हे एकदा कळलं की सगळं खापर सोलिहच्या डोक्यावर फोडायची घाई होत नाही.

मग माणूस आला कसा ते. इब्राहिम सोलिह १९९४ पासून खासदार, शांत स्वभावाचे. २०१८ ला त्यांना उभं केलं कारण त्यांच्या पक्षाचे मोठे नेते नशीद कोर्टाच्या शिक्षेमुळे उभे राहू शकत नव्हते, आणि तेव्हाचे अध्यक्ष यामीन नकोत म्हणून सगळे विरोधी पक्ष एकत्र आले होते. ५८ टक्के मतं पडली. इथे वहीत एक प्रश्न लिहून ठेवा, यातली सोलिहची किती आणि यामीनच्या विरोधातली किती?

त्यांनी केलेलं काम यादी करून पाठ करू नका, लोकांच्या घरापर्यंत काय पोचलं ते शोधा. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात पहिल्यांदा दोन महिला न्यायाधीश आल्या, २०२२ पासून किमान वेतन लागू झालं, ही खरी कामं आहेत. पण मधेच कोविड आला, पर्यटनावर जगणारा देश मार्च ते जुलै २०२० बंद, खर्च चालू आणि कर्ज वाढत गेलं. भारताच्या ४० कोटी डॉलरच्या कर्जातून आणि १० कोटींच्या अनुदानातून होणारा, मालेला शेजारच्या बेटांशी जोडणारा थिलामाले पूल त्यांच्या काळात पुरा झालाच नाही. आणि राजधानी माले म्हणजे दोनेक चौरस किलोमीटरचं बेट, तिथे जागेचा आणि भाड्याचा प्रश्न केवढा असेल विचार करा, मतदार बूथवर जाताना तो घेऊनच जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आकडेमोड स्वतः करा. नशीद आणि सोलिह जुने मित्र, शिवाय नात्यातले, सोलिहच्या पत्नी नशीदच्या चुलत-मामे बहिणींपैकी. जानेवारी २०२३ ला पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत सोलिहनी नशीदना हरवलं, नंतर नशीद फुटून निघाले. सगळे म्हणतात या फुटीने सोलिह पडले. पण ९ सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत मुइझ्झू ४६, सोलिह ३९, फुटीर गटाचा उमेदवार ७ टक्के. ३९ आणि ७ मिळवा, ४६ होतात, आणि ३० सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत सोलिहना मिळाले पण ४६च, मुइझ्झूंना ५४. म्हणजे फूट नसती तरी नुसत्या या बेरजेने जिंकायला लागणारे पन्नास टक्के गाठत नाहीत. दुखणं आणखी खोल आहे, आणि ते शोधताना मालदीवमध्ये तेव्हा तैनात असलेल्या, शंभराच्याही आतल्या भारतीय सैनिकांवरून पेटलेला प्रचार नक्की बघा, पण तो एकटाच कारण धरू नका.

शेवटी जाणं कसं झालं ते बघायचं. निकालाच्या रात्रीच सोलिहनी मुइझ्झूंचं अभिनंदन केलं आणि १७ नोव्हेंबरला मुकाट्याने खुर्ची सोडली, २०१२ ला नशीदना मधेच पायउतार व्हावं लागलं तेव्हा तिथे काय गोंधळ झाला होता ते वाचून मग याची किंमत करा. त्याच्याच शेजारी सोलिहच्या पक्षाचा हिशोब लिहा: २०१९ ला संसदेत ८७ पैकी ६५ जागा, २०२४ ला ९३ पैकी १२.