टँकमधली रेती बदलताना या चुका टाळा

गावात कुणाच्या फिश टँकमधले मासे मेले की दोष उन्हाळ्याला, खाद्याला नाहीतर बोअरच्या पाण्याला जातो. मी आधी एकच विचारतो, रेती केव्हा बदलली? उत्तर बहुतेक वेळा "याच आठवड्यात" असंच येतं. जुनी रेती काळपट, शेवाळलेली दिसते, दिवाळीची रंगरंगोटी तोंडावर असते, आणि एका दुपारात सगळा टँक चकाचक केला जातो.

सगळी रेती एकदम काढू नका

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येत राहतो. माशांना तो विषच. टँकमधले काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बेताचं असलं तर मासे ते सोसतात. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते रेतीच्या कणांना आणि फिल्टरच्या स्पंजला चिकटून राहतात. नव्या टँकमध्ये त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तुम्ही रेती उकिरड्यावर टाकता तेव्हा तेही तिच्यासोबत जातात.

आपल्याकडे विदर्भात हे जास्त महागात पडतं, कारण विहिरी-बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, ८ च्या आसपास सहज जातो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की तेच प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जातं. पाणी तापलं की आणखी वाढतं. व्हिडिओत कुणी अर्ध्या तासात रेती बदलून दाखवतो, त्याचं पाणी आणि तुमचं पाणी एक नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यात या कामाला हातच लावू नका.

दारव्हा तालुक्यात आमच्या नात्यातला एक पोरगा आहे. दिवाळीच्या साफसफाईत त्यानं टँक काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन.

"काका, मासे वर येऊन तोंड उघडून राह्यले. काय करू?"

"काहून, काय केलं होतं?"

"काहीच नाही. साफ केला फक्त."

"रेती?"

"ते फेकून देल्ली. दिसाले खराब दिसे."

रेती फेकली होती. फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईस्तोवर पिळला होता. पाणीही सगळं नवं, तेही जंतू मारायची टीसीएल पावडर टाकलेलं नळाचं, लगोलग भरलेलं. म्हणजे जिवाणू राहण्याची एकही जागा त्यानं शिल्लक ठेवली नव्हती. मी त्याला खाद्य बंद करायला लावलं, एअर पंप सुरूच ठेवायला सांगितलं आणि शिळ्या पाण्यानं अर्धं पाणी बदलायला लावलं. मग माझ्या चालू फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा टँकच्याच पाण्यात भिजता ठेवून गाडीवर घेऊन गेलो. दोन गोल्डफिश वाचले, बाकीचे गेले. त्याची लहान बहीण कितीतरी दिवस त्या खोलीत आली नाही. हे मासे आजारानं मेले नव्हते, घाईनं मेले. मला राग येतो तो याचाच.

मी एका वेळी एक तृतीयांशच रेती काढतो आणि पुढच्या खेपेआधी दोन आठवडे जाऊ देतो. शेवटच्या खेपेला जुनी रेती ओंजळ-दोन ओंजळ मच्छरदाणीच्या कापडात बांधून नव्या रेतीवर महिनाभर ठेवतो. दह्याला विरजण तसं. या सगळ्या काळात फिल्टर उघडत नाही. स्पंज फारच तुंबला तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा हलका पिळतो. सगळं मिळून दोनेक महिने लागतात. ज्याला तेवढं थांबवत नाही त्यानं जुनीच रेती सायफननं, म्हणजे नळीनं गाळ ओढून, साफ करून वापरावी, ती काही वाईट नसते.

नाल्यातले पांढरे खडे

ही दुसरी चूक पोट्टे फार करतात. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. पावसानं माती वाहून गेली की ते नाल्याच्या काठाला उघडे पडतात, दिसायला गारगोटीसारखेच. टँकमध्ये गेले की हळूहळू विरघळतात, पाणी आणखी जड करतात, पीएच चढता ठेवतात. वणी, गडचांदूर या भागात तर जमिनीखाली चुनखडकच आहे, तिकडचे सिमेंटचे कारखाने त्याच्यावरच चालतात. तिथला सुंदर दगड टँकसाठी आणताना दहादा विचार करा.

ओळखायचं सोपं आहे. खडा कोरडा करा, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका, कान जवळ न्या. बुडबुडे आले, सुरसुर आवाज आला, तर तो बाहेर. गारगोटी आणि काळा बेसाल्ट गप्प राहतात. वैनगंगा, कन्हानची रेती बहुतेक गारगोटीच्या कणांचीच, तरी मी मूठभर तपासतोच, कारण शिंपल्यांचे तुकडे तिच्यात असतात. गप्पी आणि मॉलीला जड पाणी चालतं. आरोग्य खात्यानं विहिरीत सोडलेल्या गप्पींवरच ज्यांचा टँक सुरू झाला त्यांचं म्हणून निभावतं, आणि पुढे मऊ पाण्यातले टेट्रा मासे आणले की गाडी अडते.

कपाशीच्या शेताला लागून असलेल्या नाल्यातली रेती घेऊच नका.

फवारणीची बादली

रेती धुवायला हाताशी येईल ती बादली घेतली जाते. ज्या घरात कपाशी आहे तिथं ती बादली औषध कालवायचीही असू शकते. सायपरमेथ्रिनसारख्या कीटकनाशकाचा अगदी सूक्ष्म अंशही माशांना पुरतो, आणि तो प्लास्टिकला धरून राहतो. तीनदा घासली, उन्हात ठेवली, हे मला सांगू नका. टँकचं घमेलं, मग्गा आणि बादली वेगळी आणा आणि तिच्यावर ऑइल पेंटनं "मासे" लिहा. आमच्या घरी लिहिलं आहे. साबण, निरमा यांचाही संबंध येऊ देऊ नका.

बाकीच्या चुका

मासे आत ठेवून रेती उकरू नका. खालच्या थरात सडलेला गाळ असतो, कधी सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. मासे टँकच्याच पाण्यासह टबात काढा, एअर स्टोन सोडा, वर जाळी टाका.

रंगीत गोटे रात्रभर पांढऱ्या बादलीत भिजवा. पाणी रंगलं तर दुकानदाराला परत.

रेती चाळणीत धरून पाणी नितळ येईपर्यंत धुवा. कंटाळा आला म्हणून थांबू नका.

दोन फुटी टँकमध्ये ५ सेंटिमीटर थर म्हणजे १३-१४ किलो रेती. वरून ओतू नका, काच फुटते. वाटीनं तळाशी ठेवा. बारीक रेतीचा थर ३-४ सेंटिमीटरच बरा.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी भरू नका. नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग वापरा.

लाइन जायची वेळ पाहून काम काढा. मासे टबात, पंप बंद, आणि तुम्ही वाट पाहत बसलात असं होऊ देऊ नका.

नवी रेती पडल्यावर पाणी गढूळ दिसेल. ती धूळ एक-दोन दिवसांत बसते. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी दुधाळ झालं तर तेही आपोआप निवळतं, घाबरून टँक रिकामा करू नका. रोज सकाळी खाद्य टाकण्याआधी बघा, मासे पृष्ठभागाशी येऊन श्वास घेताहेत का. घेत असतील तर त्या दिवशी खाद्य नाही आणि एक तृतीयांश पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.