जावक क्रमांक डावीकडे, दिनांक उजवीकडे : एका ओळीतल्या या चुका टाळा

कार्यालयीन पत्राच्या आरंभी एकाच ओळीत डावीकडे जावक क्रमांक आणि उजवीकडे दिनांक लिहायचा असतो. वर्षानुवर्षे टंकलेखन करणारी मंडळीही ही ओळ स्पेसबार दाबत नजरेच्या अंदाजाने जुळवताना दिसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण योग्य पद्धत शिकायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

मध्यंतरी एका कार्यालयाने पाठवलेली वर्डची फाइल मी उघडली, तेव्हा दिनांकापैकी ‘दि. १२ जून’ एवढाच मजकूर पहिल्या ओळीत होता आणि वर्ष खालच्या ओळीत एकटे पडले होते. पत्र कोकिला फॉन्टमध्ये टाइप केलेले होते, माझ्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यामुळे त्याच्या जागी मंगल आला, आणि मंगलची अक्षरे त्याच आकारात अधिक मोठी दिसत असल्याने सगळी ओळ फुगली. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ या कळा एकत्र दाबून अदृश्य चिन्हे दाखवली, तर क्रमांक आणि दिनांक यांच्यामध्ये ठिपक्यांची लांबलचक रांग होती. प्रत्येक ठिपका म्हणजे एक मोकळी जागा, आणि तिची रुंदी फॉन्टनुसार बदलते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे फक्त दिनांक निवडून कंट्रोल आणि आर दाबणे. त्याबरोबर जावक क्रमांकही उजवीकडे जातो, कारण हे संरेखन, म्हणजे मजकूर कोणत्या बाजूला लावायचा ते, निवडलेल्या शब्दांना नव्हे, तर संपूर्ण परिच्छेदाला लागू होते.

या ओळीसाठी उजवा टॅब लावावा, म्हणजे मजकुराचे उजवे टोक जिथे थांबेल अशी खूण ठेवावी. रूलर, म्हणजे पानाच्या वरची मोजपट्टी, दिसत नसेल तर ‘व्ह्यू’मधून तो सुरू करावा आणि रूलरच्या डाव्या टोकाला असलेल्या छोट्या चौकोनावर, आरशात पाहिलेल्या इंग्रजी एल अक्षरासारखे चिन्ह येईपर्यंत, क्लिक करत राहावे. त्यानंतर रूलरवर उजव्या समासाच्या थोडे अलीकडे क्लिक करावे. नेमके समासावर क्लिक केल्यास टॅबऐवजी तिथला त्रिकोण हाती लागतो आणि ओळीची रुंदीच बदलते. उमटलेल्या चिन्हावर डबल क्लिक केले की टॅबची चौकट उघडते. ए४ कागद २१ सें.मी. रुंद असतो, दोन्ही समास २.५४ सें.मी. असतील तर मजकुरासाठी १५.९२ सें.मी. उरतात, म्हणून तिथे १५.९२ या अंतरावर उजवा टॅब ठेवून आधीचा काढून टाकावा. आता क्रमांक लिहावा, टॅबची कळ एकदाच दाबावी आणि दिनांक लिहावा.

एवढे करूनही दिनांक मध्येच थांबत असेल, तर वाटेत जुना डावा टॅब असतो. तो रूलरवरून खाली ओढून काढावा. दिनांक खालच्या ओळीत उडी मारत असेल, तर बहुधा पूर्वी दाबलेले चार-पाच टॅब तसेच राहिलेले असतात; त्यातला एकच ठेवावा. तक्त्याच्या चौकटीत टॅब दाबल्यावर कर्सर पुढच्या चौकटीत जातो, म्हणून तिथे कंट्रोलसह टॅब दाबावा. गुगल डॉक्समध्ये रूलरवर क्लिक केल्यावर येणाऱ्या यादीतून उजवा टॅब निवडायचा असतो.

हेडरची, म्हणजे प्रत्येक पानाच्या वरच्या समासात येणाऱ्या मजकुराची, अडचण थोडी निराळी आहे. वर्डच्या हेडरमध्ये मधला आणि उजवा टॅब तयारच असतात, पण त्यांची अंतरे ठरलेली असल्यामुळे पान आडवे केले की उजवीकडचा मजकूर अर्ध्यातच राहतो. तिथे हेडरच्याच मेनूतला ‘अलाइनमेंट टॅब’ वापरावा, कारण तो समासाशी बांधलेला असतो आणि समास बदलला तरी त्याच्याबरोबर सरकतो.

पत्राच्या शेवटी मात्र डावीकडे स्थळ व दिनांक आणि उजवीकडे अर्जदाराची सही, नाव, पत्ता अशा अनेक ओळी समोरासमोर येतात. डावीकडची एखादी ओळ लांबली की टॅबने लावलेली मांडणी विस्कटते. अशा ठिकाणी दोन स्तंभांचा, कडा नसलेला तक्ता घालावा आणि उजव्या चौकटीतला मजकूर उजवीकडे संरेखित करावा. मग पत्ता कितीही ओळींचा झाला तरी डावीकडचे स्थळ जागचे हलत नाही.