१० मीटर एअर रायफलसाठी पेलेट कसे निवडावेत

स्वप्निल कुसाळेचं २०२४ चं पॅरिसमधलं कांस्यपदक ५० मीटर रायफलचं. त्याला .२२ ची काडतुसं लागतात आणि शस्त्रपरवानाही. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर नव्याने येणाऱ्यांची सुरुवात मात्र बहुधा १० मीटर एअर रायफलने होते, आणि तिथे पहिला घोळ पेलेटचा, म्हणजे छर्ऱ्याचा होतो.

आधी माप बघा. नळी .१७७ म्हणजे ४.५ मिमीची असते. पेलेट शिशाचाच आणि चपट्या तोंडाचा घ्या. तो कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि मग गुणांवरून वाद. वजन रायफलला साधारण ०.५३ ग्रॅम, पिस्तूलचे पेलेट याहून हलके असतात, डबा घेताना तेवढं वाचा.

आता खरं काम. डब्यावर पेलेटच्या डोक्याचं माप मिमीमध्ये असतं, ४.४९ किंवा ४.५० वगैरे. कुठलं घ्यावं हे दुकानदार सांगू शकत नाही, तुमची नळीच सांगते. आरडब्ल्यूएस, एच अँड एन अशा कंपन्यांचे तीन-चार मापांचे थोडे थोडे पेलेट आणा. रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला जोडलेल्या पकडीत घट्ट बसवा. प्रत्येक प्रकाराचे पहिले १५-२० शॉट मोजू नका, कारण आधीच्या पेलेटचं शिसं नळीत असतं. मग एकाच जागी १० शॉट मारा आणि भोकांच्या समूहाची बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतची रुंदी मोजा.

रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा. पेलेटची कड त्याला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे मध्यावर बसलेला ९.५ मिमीचा समूह हिशेबाने सगळे दहा देतो. पण पात्रता फेरीत दशांश मोजतात, १०.९ पर्यंत. म्हणून ७ मिमीच्या आत येणारा प्रकार निवडा. एखादाच शॉट लांब गेला तर त्या मापाला लगेच बाद करू नका. स्कर्ट, म्हणजे मागची पोकळ कड चेपलेला पेलेटही असंच करतो. पुन्हा १० मारा.

माप ठरलं की त्याच बॅचचे डबे घ्या, जमल्यास पूर्ण हंगामाचे. तीच कंपनी, तेच माप, पण बॅच बदलली की समूह पसरू शकतो. महाग डबा म्हणजे चांगला डबा, हा समज मात्र सोडा.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट हवेने शिशावर पांढरी भुकटी धरते. झाकण घट्ट लावा, डबा कोरड्या कपाटात ठेवा. पांढरे पडलेले पेलेट सामन्याला नकोत. ती भुकटी विषारी असते. पेलेट ओठात धरू नका, आणि वडापावला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा.