आधी सूप बघा, मग साक्ष लिहा

मानवी हक्कांच्या तपासात नव्यानं येणारी मुलं मला बहुधा कायद्याचं विचारतात. कायदा वाचून समजतो. विचारायचं कसं, ते मला सोलापूरच्या पूर्वभागात, बिडी वळणाऱ्या बायकांच्या मजुरीची तक्रार तपासताना शिकावं लागलं.

पहिली मुलाखत वाया गेली, आणि चूक माझीच होती. मला तेलुगू येत नाही, म्हणून गल्लीतल्याच एकाला दुभाषा म्हणून घेतलं. मांडीवरच्या सुपात बिड्या वळत अक्का पाच मिनिटं बोलल्या, त्यानं सांगितलं, "काही त्रास नाही म्हणतात." त्याचा भाऊ माल जमा करून घेणाऱ्याकडेच कामाला होता, हे नंतर कळलं. दुसऱ्या खेपेला लांबच्या वस्तीतली तेलुगू शिक्षिका सोबत नेली. मग अक्का म्हणाल्या, "पान पुरत नाही."

सगळा मामला त्या तीन शब्दांत होता. हजार बिड्यांसाठी मोजून दिलेलं पान फाटकं निघालं, तर कमी पडलेलं पदरच्या पैशानं आणायचं. वर माल देताना जेवढ्या बिड्या नापास होतील, त्यांची मजुरी नाही. म्हणून "तुमचं शोषण होतं का?" असं कधी विचारू नका. काल किती पान मिळालं, किती विकत आणलं, किती बिड्या बाजूला काढल्या, हातात किती पैसे पडले, हे विचारा. आम्ही वजनकाटा घेऊन आठवडाभर घरोघरी बसलो. घरात मोजलेलं आणि माल देताना बायकांच्या कामाच्या कार्डावर लिहिलेलं शेजारी मांडलं, तेव्हा तक्रारीचा पुरावा झाला. मालकाची बाजूही लेखी मागा आणि अहवालात छापा.

घरी बसून वळणारीही कामगारच, हे 1966 च्या बिडी कामगार कायद्यानं मान्य केलं होतं. तपासणी झाली का, हे माहिती अधिकारात विचारता येतं. उत्तराची मुदत 30 दिवस. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर 1993 च्या कायद्यानुसार सरकारी नोकराचा हात किंवा हलगर्जी दाखवावी लागते, आणि घटनेला 1 वर्ष उलटलेलं चालत नाही. म्हणून वहीत आधी तारीख लिहा. नावांच्या जागी खुणेचे आकडे घाला, आणि कुठला आकडा कोणाचा ती यादी वेगळीकडे ठेवा.

अहवाल छापायला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी अक्कांनी निरोप धाडला: सुनेचं कार्डही त्याच ठिकाणी आहे, माझं बोलणं काढा. आमची सगळ्यात बोलकी साक्ष तीच होती. मी अहवालातलं ते पान काढलं आणि दुसऱ्या दिवशी वहीतलं मूळ टिपण त्यांच्या हातात नेऊन दिलं. त्यांनी ते चुलीत घातलं, मला चहा दिला आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं.