अ‍ॅपमध्ये पासवर्ड भरतो, क्रोममध्ये भरत नाही: उपाय सापडला

लक्षण असं: अँड्रॉइड १४, बिटवॉर्डन (पासवर्ड जपून ठेवणारं अ‍ॅप). अ‍ॅपांमध्ये लॉगिनची पट्टी येते, क्रोममध्ये वीजबिलाची साइट उघडली की चौकटीवर बोट ठेवूनही काही येत नाही.

अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, कॅशे पुसली, फोन रीस्टार्ट केला. दोन संध्याकाळी फुकट.

घोळ असा की फोनची ऑटोफिल (आपोआप भरण्याची) सेटिंग वेगळी आणि क्रोमची वेगळी. आधी फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑटोफिल’ शोधून बिटवॉर्डन निवडा. मग क्रोम, तीन ठिपके, सेटिंग्ज, ऑटोफिल सर्व्हिसेस; तिथे ‘दुसरी सेवा वापरून ऑटोफिल’ हा पर्याय निवडा. क्रोम रीस्टार्ट करायला सांगतं, तो करू द्या. नाहीतर बदल लागू होत नाही.

तरी नाव दिसेना, तर बिटवॉर्डनच्या नोंदीतला साइटचा पत्ता बघा. डॉट कॉमवर जतन केलेली नोंद डॉट इनवर दिसत नाही. दुसरा पत्ता त्याच नोंदीत जोडा. पण आधी साइट खरीच आहे ना, ते तपासा. पट्टी न येणं कधीकधी बनावट साइटचीही खूण असते.

बिटवॉर्डन उघडायला फिंगरप्रिंटसोबत पिनही लावून ठेवा. इंदूरच्या सराफ्यात गराडू (तळलेला कंद) खाल्लेलं तेलकट बोट फोन ओळखत नाही.