‘आय बॉर्न इन पुणे’ का चुकतं? जन्माचं इंग्रजी क्रियापद नीट वापरायचं कसं

मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्याकडे येणारी मुलं-मुली ओळख करून देताना पहिल्याच वाक्याला अडतात. कुणी म्हणतं ‘आय बॉर्न इन पुणे’, कुणी ‘आय ॲम बॉर्न इन पुणे’. दोन्ही चूक. ‘आय वॉज बॉर्न इन पुणे’ हे बरोबर. ते पाठ करून घेता येतं, पण पाठ केलेलं ऐन वेळी दगा देतं. त्यापेक्षा क्रियापदाचा मूळ अर्थ एकदा समजून घेतलेला बरा.

पायरी १ : मूळ अर्थ धरा

क्रियापद आहे ‘बेअर’; ‘बॉर्न’ हे त्याचंच एक रूप. स्पेलिंग बी-ई-ए-आर, अस्वलाचंच. त्याचा मूळ अर्थ ‘वाहणे, पेलणे’. हा शब्द आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. ‘बेअरर चेक’ जो घेऊन येईल त्याला बँक पैसे देते. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत फिरत्या शाफ्टचा भार पेलतं ते ‘बेअरिंग’. ‘आय कान्ट बेअर इट’ म्हणजे मला हे पेलवत नाही, सोसवत नाही. नातं तर याहून जवळचं आहे. संस्कृतातला ‘भृ’ धातू आणि ‘बेअर’ एकाच प्राचीन मुळातून आले, म्हणजे आपला ‘भार’ आणि त्यांचं ‘बेअर’ ही भावंडंच. ‘बर्थ’ हा शब्दही त्याच घरातला. नऊ महिने पोटात भार वाहते ती आई. तिच्या या वाहण्यातूनच ‘जन्म देणे’ हा अर्थ आला.

पायरी २ : वाक्यातली आई शोधा

नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात ऑगस्ट १७७३ मध्ये खून झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर त्यांना मुलगा झाला, तो सवाई माधवराव. इंग्रजीत हे असं येईल : ‘गंगाबाई बोअर अ सन.’ ‘बोअर’ हा ‘बेअर’चा भूतकाळ, आणि कर्ता आई. आता हेच मुलाच्या बाजूने सांगा : ‘सवाई माधवराव वॉज बॉर्न ॲट पुरंदर.’ इथे ‘वॉज’ हवाच, कारण जन्म देण्याचं काम त्यांनी केलं नाही, त्यांच्या आईने केलं. ती वाक्यात दिसत नाही, पण असते.

मराठीत ‘मी पुण्यात जन्मले’ म्हणताना मीच कर्ता होते. त्या सवयीने इंग्रजीतला ‘वॉज’ गळतो. ‘ॲम’ची चूक मात्र दुसऱ्या वाटेने येते : ‘माझा जन्म पुण्याचा आहे’ या वाक्यातला ‘आहे’ आपण तसाच उचलून नेतो. जन्म तर कधीच होऊन गेला, म्हणून ‘वॉज’.

पायरी ३ : शेवटच्या ‘ई’कडे बघा

‘बॉर्न’ दोन आहेत. उच्चार एकच, पण एकाच्या शेवटी ‘ई’ आहे आणि दुसऱ्याच्या नाही. मुलाबद्दल ‘वॉज बॉर्न’ म्हणताना ‘ई’ नको. आई कर्ता असेल, जसं ‘शी हॅज बॉर्न थ्री चिल्ड्रन’, तर ‘ई’ लिहा. पुढे ‘बाय’ लावून आईचा उल्लेख केला तरी ‘ई’ येतो. आणि निव्वळ वाहून नेण्याचा अर्थ असेल तर ‘ई’ हवाच. नवजात बाळांच्या विभागावरचा ‘न्यूबॉर्न’ लिहिताना ‘ई’ नाही. पावसाळ्यात पाणी उकळून प्यायला सांगतात ते ज्या ‘वॉटरबॉर्न’ आजारांसाठी, त्यात ‘ई’ आहे, कारण तिथे पाणी जंतू वाहून आणतं. एवढी जोडी लक्षात ठेवली तरी लिहिताना हात अडत नाही.

पायरी ४ : पुढचा छोटा शब्द

शहर, महिना किंवा साल असेल तर ‘इन’, नेमकी तारीख असेल तर ‘ऑन’. आईवडिलांचा उल्लेख करायचा तर ‘बॉर्न टू’.

पायरी ५ : रोजच्या बोलण्यात दुसरे शब्द घ्या

मैत्रिणीला बाळ झाल्याची बातमी सांगताना ‘शी बोअर अ चाइल्ड’ म्हणू नका. व्याकरणाने ते बरोबर आहे, पण फार जुनं, पोथीतलं वाटतं. साधं ‘शी हॅड अ बेबी’ म्हणा; आपण ‘तिला मुलगी झाली’ म्हणतो तितकंच ते सहज आहे. थोडं औपचारिक हवं असेल तर ‘शी गेव्ह बर्थ टू अ गर्ल’; यातला ‘टू’ गाळू नका.

आणि ‘डिलिव्हरी’? हा शब्द तर आपण मराठीच करून टाकलाय. ‘डिलिव्हर’ आईलाही लागतं आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांनाही. हल्ली त्यावरून दारात आलेलं पार्सल आठवतं, पण त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘मुक्त करणे’ आहे. जुन्या इंग्रजीत बाई बाळापासून ‘डिलिव्हर’ होत असे, म्हणजे सुटत असे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आजीच आठवली. दवाखान्यातून निरोप आला की ती देवापुढे साखर ठेवायची आणि म्हणायची, “हातीपायी सुटली गं पोर, मोकळी झाली.”